डुकराच्या पोटातला एमसीआर-१: कोलिस्टिन नावाच्या औषधाचं पूर्ण प्रकरण

जुलै २०१३. शांघायमधल्या एका मोठ्या डुक्कर फार्मवरून नेहमीच्या तपासणीसाठी सॅम्पल घेतलं गेलं. त्यातून ई. कोलाय ह्या बॅक्टेरियाचा एक स्ट्रेन (वाण) वेगळा काढला, त्याला नंबर दिला एसएचपी४५. तसं यात विशेष काहीच नव्हतं, डुकराच्या आतड्यात ई. कोलाय असतोच, तुमच्या-माझ्याही असतो. पण ह्या स्ट्रेनवर कोलिस्टिन हे अँटिबायोटिक चालेना आणि तपासणाऱ्या टीमने प्रयोगशाळेत तो दुसऱ्या साध्या ई. कोलायसोबत वाढवला तर दुसऱ्यावरही कोलिस्टिन चालेना. म्हणजे प्रतिकार एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता. कोलिस्टिनच्या बाबतीत असं होत नाही असं तोवर सगळेच धरून चालले होते.

हे का धरलेलं होतं ते आधी बघू, नाहीतर पुढच्या गोंधळाचा अर्थच लागणार नाही.

कोलिस्टिन जुनं औषध. १९४० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये मातीतल्या एका बॅक्टेरियापासून मिळालं, ५० च्या दशकात वापरात आलं, आणि ७० च्या दशकात डॉक्टरांनी जवळपास बाजूला टाकलं कारण किडनीला त्रास. त्यापेक्षा चांगली औषधं हातात होती तेव्हा. पुढे हॉस्पिटलांमध्ये क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही बॅक्टेरियांची मंडळी एकेक औषध पचवत गेली, कार्बापेनेम हा जोरकस अँटिबायोटिकांचा गटसुद्धा निकामी व्हायला लागला, तेव्हा कपाटातून हेच जुनं औषध परत काढावं लागलं. आज आयसीयूत ज्या पेशंटच्या रिपोर्टवर सगळ्या रकान्यांत 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आलेला असतो आणि एका कोलिस्टिनसमोर तेवढा दिलासा असतो, त्याला हे औषध मिलियन युनिटच्या हिशोबात सलाईनमधून देतात आणि किडनी बिघडत नाही ना म्हणून रोज रक्तातलं क्रिएटिनिन बघत बसतात. आवडीने कुणी देत नाही, दुसरं उरलेलं नसतं म्हणून देतात.

हे औषध काम कसं करतं ते सोपं आहे. ह्या बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणात लिपिड-ए नावाचा भाग असतो, त्याच्यावर ऋण भार असतो, कोलिस्टिनवर धन भार, ते जाऊन चिकटतं आणि आवरण फाडतं. प्रतिकार करायचा तर बॅक्टेरियाला स्वतःचं आवरणच बदलावं लागतं आणि २०१५ पर्यंत माहीत असलेले सगळे मार्ग बॅक्टेरियाच्या मुख्य गुणसूत्रातल्या बदलांचे होते. असा बदल झाला तर तो त्याच बॅक्टेरियाच्या पिलावळीत जातो, शेजाऱ्याला मिळत नाही. शिवाय असे बदल बहुतेक वेळा बॅक्टेरियाला महागात पडतात, तो जरा कमजोर होतो. म्हणून लोक निर्धास्त होते.

एसएचपी४५ मध्ये मात्र प्रतिकाराचा जीन गुणसूत्रावर नव्हताच, तो प्लास्मिडवर होता. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं वेगळं छोटं कडं, हे साधारण ६४ हजार अक्षरांचं. परीक्षेच्या आदल्या रात्री एका पोराच्या नोट्सची झेरॉक्स अख्ख्या होस्टेलभर फिरते ना, तसं हे कडं फिरतं: ज्याने दिलं त्याच्याकडे मूळ प्रत राहतेच आणि ज्याला मिळालं तो पुढे वाटत सुटतो. ई. कोलायकडून क्लेबसिएलाला, स्यूडोमोनासलाही, असं प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. त्या जीनला नाव दिलं एमसीआर-१. त्याने तयार होणारं एन्झाइम लिपिड-एवर फॉस्फोइथेनोलामीनचा एक गट लावून टाकतं, ऋण भार घटतो, कोलिस्टिनला चिकटायला जागा राहत नाही. विषय संपला.

आकडे

हे काम दक्षिण चीन कृषी विद्यापीठाचे लियू जियान-हुआ, बीजिंगच्या चीन कृषी विद्यापीठाचे शेन जियानझोंग आणि तेव्हा कार्डिफला असलेले टिमथी वॉल्श ह्यांच्या टीमचं, आणि ते नोव्हेंबर २०१५ मध्ये द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस ह्या जर्नलमध्ये आलं. एक स्ट्रेन सापडला एवढ्यावर ते थांबले नाहीत हे मला ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यांनी जुने साठवलेले सॅम्पल काढून शोधलं. कत्तलखान्यातल्या ८०४ डुकरांपैकी १६६ मध्ये हा जीन निघाला, म्हणजे २१ टक्के. वर्षानुसार बघितलं तर अजून वाईट, २०१२ ला १४.४ टक्के, २०१३ ला २०.९ आणि २०१४ ला २५.४. ग्वांगझोच्या बाजारातलं आणि सुपरमार्केटमधलं कच्चं मांस, चिकन आणि पोर्क मिळून ५२३ सॅम्पल, त्यात ७८. आणि हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन घेऊन ॲडमिट असलेल्या पेशंटांचे १३२२ सॅम्पल, त्यात फक्त १६.

आता ही उतरंड बघा. डुकरात २१ टक्के, मांसात १५, माणसात १. जीन माणसांत तयार होऊन डुकरांत गेला असता तर चित्र उलटं दिसलं असतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या काळात चीनच्या हॉस्पिटलांत हे औषध वापरातच नव्हतं! तिथे माणसांसाठी पॉलिमिक्सिन गटाची औषधं आली २०१७ मध्ये. म्हणजे ज्या देशात डॉक्टर हे औषध लिहीतच नव्हते तिथल्या पेशंटात त्याचा प्रतिकार सापडत होता. प्रतिकार वाढवणारा औषधाचा दबाव कुठून आला ह्याला दुसरं उत्तर उरत नाही.

फार्मवर कोलिस्टिन कशाला?

दोन कारणं, आणि ती वेगवेगळी ठेवायला हवीत, बरेच लोक ती एकात मिसळतात.

पहिलं कारण औषधाचंच आहे. डुकराची पिल्लं आईपासून तोडली की त्यांना जुलाब लागतात, ई. कोलायमुळेच, आणि पिल्लं पटापट मरतात. त्यावर कोलिस्टिन चालतं. व्हेटने बघून, आजारी पिल्लांना, ठराविक दिवस दिलं तर तो उपचार झाला.

दुसरं कारण म्हणजे वजन. निरोगी जनावराच्या फीडमध्ये रोज थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळलं की तेवढ्याच खाद्यात वजन जरा जास्त येतं, म्हणजे ग्रोथ प्रमोटर. आपल्याकडच्या ब्रॉयलरवाल्या कुणाशीही बोला, अख्खा धंदा एफसीआरवर चालतो, किलोभर वजनाला किती फीड लागलं ते, आणि बॅचमागे पॉइंट दोन-चारचा फरक पडला तरी नफातोटा बदलतो. त्यामुळे शेतकरी हे का घालतो हे कळायला डोकं लावायला नको. कोलिस्टिन स्वस्त होतं, गोणीच्या भावात प्रीमिक्स (फीडमध्ये मिसळायचं तयार मिश्रण) मिळायचं, आणि माणसांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं औषध होतं, तेव्हा कुणाला काय अडचण असणार.

अजून एक गोष्ट होती जिच्यामुळे ते फार सुरक्षित वाटायचं आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. तोंडावाटे दिलेलं कोलिस्टिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. म्हणून मांसात त्याचा अंश उरत नाही, मांस तपासलं तर रिपोर्ट स्वच्छ. सरकारी तपासणी, निर्यातीची तपासणी, सगळीकडे पास. पण जे शोषलं जात नाही ते जातं कुठे, तर आतड्यातच राहतं, जिथे अब्जावधी ई. कोलाय बसलेत, आणि तिथून शेणातून बाहेर. म्हणजे ज्या गुणामुळे मांस क्लीन निघतं त्याच गुणामुळे आतडं हे प्रतिकार वाढवायची सगळ्यात उत्तम जागा होतं, कमी डोस, रोज, आठवडेच्या आठवडे. आपल्याकडेही चिकनच्या बातम्या येतात तेव्हा सगळी चर्चा "मांसात अँटिबायोटिक आहे का" ह्यावरच होते. औषधाचा अंश आणि प्रतिकाराचा जीन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली शून्य असली तरी दुसरी भरपूर असू शकते, आणि नेहमीच्या अंश-तपासणीत जीन दिसतच नाही.

(मांस नीट शिजवलं की बॅक्टेरिया मरतात, ते खरंय. धोका कच्चं मांस हाताळण्यात आहे, त्याच पाटावर कोशिंबीर चिरण्यात आहे, फार्मवर काम करणाऱ्यांना आहे, आणि शेणखत-सांडपाण्यातून आहे. घाबरून चिकन सोडायची गरज नाही.)

जीन आला कुठून

एमसीआर-१ च्या शेजारी डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा सापडतो, आयएसएपीएल१ नावाचा. हा तुकडा आधी ओळखला गेला होता तो डुकरांना न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियात. जीनचे नातेवाईक शोधले तर ते मोराक्सेला गटातल्या बॅक्टेरियांत भेटतात, हेही जनावरांच्या नाकाघशात राहणारे. तर अंदाज असा की कधीतरी, बहुधा डुकरातच, ह्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांनी दोन्ही बाजूंनी जीनला पकडून प्लास्मिडवर नेऊन बसवलं. २०१८ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लोकांनी जगभरातल्या असल्या बॅक्टेरियांचे जीनोम (अख्खे डीएनए) एकत्र करून हिशोब मांडला आणि त्यांचं म्हणणं पडलं की आज जगभर दिसणारा एमसीआर-१ मुळात एकाच उडीतून आलेला आहे आणि ती उडी २००० च्या दशकाच्या मध्याची. पण चीनमधल्या कोंबड्यांच्या जुन्या साठ्यात १९८० च्या दशकातलेही ३ एमसीआर-१ वाले ई. कोलाय निघाले, ज्या सुमारास तिथे जनावरांत कोलिस्टिन सुरू झालं त्याच सुमाराचे. म्हणजे आधीही कधीतरी डोकावून गेला असेल, फोफावला मात्र २००९ नंतर.

आणखी एक बारीक गोष्ट, पण पुढे कामाची. जीन प्लास्मिडवर बसल्यानंतर ते उडी मारणारे तुकडे पुष्कळदा गळून जातात. मग जीन तिथून हलत नाही, त्या प्लास्मिडचा कायमचा भाग होतो, आणि त्यातले काही प्लास्मिड असे आहेत की ते बाळगायला बॅक्टेरियाला फारसा खर्चच येत नाही.

जग शोधायला लागलं

चीनमधला तो शोधनिबंध छापून आल्यावर काही दिवसांतच डेन्मार्कने आपल्याकडचे जुने जीनोम कॉम्प्युटरवर तपासले. एका पेशंटच्या रक्तात आणि २०१२ ते २०१४ मध्ये आयात केलेल्या चिकनच्या ५ सॅम्पलमध्ये सापडला. मग देशामागून देश. सगळ्यांच्या फ्रीजरमध्ये तो आधीपासून पडलेलाच होता, कुणी शोधलं नव्हतं एवढंच. मे २०१६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका बाईच्या लघवीच्या सॅम्पलमध्ये मिळाला आणि पेपरांनी "सुपरबग आला" करून मथळे ठोकले. तिच्या ई. कोलायवर कार्बापेनेम चालत होतं, ती बरीही झाली. मथळे वाचून वाटावं तसं काही नव्हतं, पण चिंता उगाच होती असंही नाही, कारण हाच प्लास्मिड जर एनडीएम (कार्बापेनेम निकामी करणारा जीन) असलेल्या क्लेबसिएलात जाऊन बसला तर डॉक्टरकडे काय उरतं?

इतकी वर्षं दिसला का नाही ह्याचं एक कारण अगदी लॅबच्या टेबलावरचं आहे. नेहमीची अँटिबायोटिक टेस्ट म्हणजे प्लेटवर बॅक्टेरिया पसरायचे, औषधाची चकती ठेवायची आणि भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायचं. कोलिस्टिनचा रेणू मोठा, प्लेटमधल्या जेलीत, म्हणजे आगरमध्ये, नीट पसरतच नाही, त्यामुळे वर्तुळ बघून काही कळत नाही. त्यात एमसीआर-१ चा प्रतिकार काठावरचा असतो, औषध चालतं म्हणायची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅमची आणि हा येतो साधारण ४ ते ८ वर. चकतीच्या टेस्टवर असा स्ट्रेन आरामात "चालतं" म्हणून निसटतो. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या मानक ठरवणाऱ्या संस्थांनी मिळून सांगितलं की कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करा, म्हणजे औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदललेल्या बारीक खळग्यांत बॅक्टेरिया वाढवून बघा. वेळखाऊ काम आहे. छोट्या गावातल्या लॅबकडून ही अपेक्षा करताना जरा विचार करावा, पण मग चकती लावून कोलिस्टिनचा रिपोर्टही देऊ नये.

ह्याच काळातलं चीनच्या शांडोंग प्रांतातलं एक काम आहे, कोंबड्यांच्या हॅचरीपासून सुपरमार्केटपर्यंत अख्ख्या साखळीत सॅम्पल घेतले. एमसीआर-१ हॅचरीतच होता. पण कार्बापेनेमला निकामी करणारा एनडीएम हॅचरीत नव्हता, तो फार्मवर आल्यावर दिसायला लागला. कार्बापेनेम कोंबड्यांना कुणी देत नाही, मग आला कुठून? फार्मच्या आसपासची कुत्री, माश्या, पक्षी आणि काम करणारी माणसं, सगळ्यांत सापडला. म्हणजे रस्ता एकेरी नाही, आपणही जनावरांना देतो.

बंदी आणि नंतर

चीनने ह्यात केलं ते खरंच झटपट केलं. २०१६ मध्ये कृषी मंत्रालयाने जाहीर केलं की ग्रोथ प्रमोटर म्हणून कोलिस्टिन बंद, आणि ३० एप्रिल २०१७ पासून ते लागू झालं. आजारी जनावराला व्हेटने द्यायला परवानगी ठेवली.

परिणाम मोजायला लोक परत त्याच कामाला लागले आणि २०२० मध्ये आकडे आले. कोलिस्टिन प्रीमिक्सचं उत्पादन २०१५ मध्ये २७,१७० टन होतं ते २०१८ ला २,४९७ टनांवर आलं. डुकरांमधलं कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण २०१५-१६ ला ३४ टक्के होतं, २०१७-१८ ला ५.१. कोंबड्यांत १८.१ वरून ५. आणि हॉस्पिटलात ॲडमिट असलेल्या लोकांच्या पोटात एमसीआर-१ वाले बॅक्टेरिया किती, तर २०१६ ला १४.३ टक्के, २०१९ ला ६.३. अँटिबायोटिक प्रतिकाराच्या विषयात इतका स्पष्ट आणि इतक्या लवकर उतरलेला आलेख क्वचित बघायला मिळतो, सहसा औषध बंद केलं तरी प्रतिकार वर्षानुवर्षं हलत नाही.

पण इथे दोन "पण" आहेत. एक, शून्य झालेलं नाही. वर म्हटलं तसं, बिनखर्चाच्या प्लास्मिडवर कायमचा बसलेला जीन औषध नसतानाही टिकून राहतो. दोन, प्रत्यक्ष इन्फेक्शनमधल्या ई. कोलायमध्ये फरक छोटा होता, १.७ टक्क्यांवरून १.३. बंदी लागू झाली त्याच वर्षी हॉस्पिटलांत औषध सुरू झालं, म्हणजे फार्मवरचा दबाव काढला आणि पेशंटवर नवा घातला. त्यामुळे माणसांतला हा आकडा पुढे कुठे जातो ते फक्त बंदीच्या खात्यावर मांडता येणार नाही.

आपल्याकडे

जानेवारी २०१८ मध्ये द हिंदू आणि लंडनच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझमने मिळून बातमी केली की शेकडो टन कोलिस्टिन भारतात येतंय आणि कोंबड्यांना वजनासाठी दिलं जातंय. पुढे १९ जुलै २०१९ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ए खाली अधिसूचना काढली, खाण्यासाठी पाळलेली जनावरं, पोल्ट्री, मत्स्यपालन आणि पशुखाद्यातल्या सप्लिमेंटसाठी कोलिस्टिन बनवायला, विकायला, वाटायला बंदी. म्हणजे कागदावर आपली बंदी चीनपेक्षा कडक, उपचारालासुद्धा नाही. नाशिक-पुण्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हे माहीत आहे. आता माणसांच्या औषधाच्या वेष्टनावरही लिहावं लागतं की जनावरांना वापरू नये.

बंदी योग्यच होती. पण तिच्यावरून आपल्याकडे एक सोयीचा निष्कर्ष काढला जातो की आयसीयूतला कोलिस्टिन प्रतिकार हा कोंबड्यांमुळे, तो मला पटत नाही. आपल्या हॉस्पिटलांतल्या कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या क्लेबसिएलाचे जीनोम बघितले, वेल्लोरच्या सीएमसीसारख्या हॉस्पिटलात हे बरंच झालंय, तर त्यात एमसीआर-१ फार थोडा आणि एमजीआर-बी नावाच्या गुणसूत्रावरच्या जीनमधली मोडतोड भरपूर. हा जुना मार्ग, फार्मवरून न येणारा. तो आयसीयूतच तयार होतो, कोलिस्टिन वापरून वापरून, आणि मग एका बेडवरून दुसऱ्या बेडवर हातांनी, कॅथेटरने, व्हेंटिलेटरच्या नळ्यांनी जातो. म्हणजे चीनच्या केसमध्ये बंदीने जे साधलं ते इथल्या आयसीयूत फक्त बंदीने साधणार नाही, तिथे हात धुणं, पेशंट वेगळा ठेवणं आणि पाचव्या दिवशी कल्चर बघून औषध थांबवणं हीच कामं आहेत, आणि ती कंटाळवाणी असल्यामुळे त्यांच्यावर बातम्या होत नाहीत.

आणि चीनमध्येसुद्धा एमसीआर-१ उतरत असतानाच, २०१९ मध्ये, त्याच तऱ्हेच्या फार्म तपासणीतून टेट-एक्स३ आणि टेट-एक्स४ नावाचे नवे जीन सापडले, हेही प्लास्मिडवरचे. हे टायजेसायक्लिनला निकामी करतात, म्हणजे कोलिस्टिनच्या जोडीने आयसीयूत शेवटी उरणारं दुसरं औषध. टायजेसायक्लिन डुकरांना कधी दिलंच जात नाही. पण ते ज्या टेट्रासायक्लिनच्या कुटुंबातलं आहे, त्यातली दुसरी औषधं मात्र फार्मवर टनांनी जातात, आणि त्यांच्यावर बंदी नव्हती.